शाउंबुर्गचा ग्रोशन कसा वाचावा: जर्मन चिल्लर नाण्यांकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

जुन्या जर्मन नाण्यांचा संग्रह सुरू करणाऱ्याला पहिली ओढ बहुधा टालरची वाटते. नाणे मोठे असते, चांदी भरपूर असते, राजाचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि हातात घेतल्यावर काहीतरी मिळाल्याचे समाधान होते. माझे मत मात्र असे की शिकण्यासाठी सुरुवात त्या टालरच्या चोवीसाव्या भागापासून, म्हणजे ग्रोशनपासून करावी. टालर सहसा आपली ओळख स्वतःच सांगतो. ग्रोशनकडून ती काढून घ्यावी लागते आणि ती काढताना पवित्र रोमन साम्राज्याची (जर्मन संस्थाने ज्याच्या छत्राखाली होती त्याची) नाणेपद्धती, टांकसाळीचा व्यवहार आणि त्या काळातला सराफी हिशेब हे तिन्ही विषय आपोआप हाताखालून जातात. शिवाय ग्रोशन स्वस्त असतो. सर्वसाधारण स्थितीतले नाणे युरोपातल्या व्यापाऱ्यांकडे दोन आकडी युरोंत मिळते, त्यामुळे चार-पाच नाणी शेजारी ठेवून तुलना करता येते, आणि या विषयात तुलनेइतके दुसरे काहीच शिकवत नाही.

या लेखात मी एकच संस्थान घेतले आहे: होल्स्टाइन-शाउंबुर्गची काउंटी, आणि त्यातही काउंट एर्न्स्ट तिसरा याची १६०१ ते १६२२ ही कारकीर्द. त्याचे ग्रोशन मोठ्या संख्येने उरले आहेत आणि तीन सम्राटांच्या काळात पाडले गेल्यामुळे कालनिश्चितीच्या सरावासाठी ते फार सोयीचे आहेत. येथे सांगितलेली पद्धत लिप्पे, वाल्डेक, श्टोलबेर्ग अशा शेजारच्या छोट्या संस्थानांच्या नाण्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

आधी संस्थान समजून घ्या

शाउंबुर्गच्या काउंटचा मुलूख दोन ठिकाणी विभागलेला होता. मूळ भाग वेझर नदीच्या परिसरात होता. ब्यूकेबुर्ग, श्टाटहागेन आणि रिंटेल्न ही त्यातली महत्त्वाची गावे. दुसरा भाग उत्तरेला होल्स्टाइनमध्ये, पिनेबेर्गच्या आसपास होता, आणि हॅम्बर्गच्या अगदी वेशीला लागून असलेले आल्टोना हे त्यातले गाव. ही भौगोलिक फोड लक्षात ठेवली नाही तर पुढे नाण्यांची गल्लत होते, कारण वेझरकडच्या बाजारात हिशेब ग्रोशनमध्ये चाले, तर हॅम्बर्ग आणि ल्यूबेकच्या व्यापारी पट्ट्यात तो शिलिंगमध्ये चाले. म्हणून एकाच काउंटच्या नावाने दोन्ही पद्धतींची नाणी सापडतात. उत्तरेकडच्या पद्धतीतले दुहेरी शिलिंग हे नाणे टालरच्या सोळाव्या भागाचे मानले जाई आणि त्यावर डी आणि एस ही रोमन अक्षरे एकमेकांत गुंफलेली दिसतात. ही गुंफण दिसली की ग्रोशन समजून पुढे जाऊ नये.

एर्न्स्ट हा त्या काळच्या छोट्या राज्यकर्त्यांमध्ये उठून दिसणारा माणूस होता. ब्यूकेबुर्गचे नगरचर्च त्याने १६११ ते १६१५ या काळात बांधवले. शिल्पकार आद्रियान दे फ्रीस याच्याकडून त्याने त्या चर्चसाठी ब्राँझचे बाप्तिस्मापात्र करवून घेतले. श्टाटहागेनमध्ये स्थापन केलेली शिक्षणसंस्था विद्यापीठाच्या रूपाने १६२१ मध्ये रिंटेल्नला गेली. चर्चच्या दर्शनी भागावर कोरलेल्या लॅटिन वाक्यातल्या शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून एर्न्स्ट हे नाव साधले आहे. स्वतःचे नाव दगडावर असे मिरवणाऱ्या माणसाने नाण्यांवरही त्याची हयगय केली नाही, हे पुढे दिसेलच. एवढ्या हौसेला पैसा लागतो. या काउंटीकडे मोठ्या चांदीच्या खाणी नव्हत्या, तरी टांकसाळ चालवण्याचा हक्क होता, आणि तो हक्क हेच एक उत्पन्न होते.

नाणे हाती घेण्यापूर्वी

लागणारे साहित्य थोडके आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा तराजू, व्हर्नियर कॅलिपर आणि बाजूने तिरपा प्रकाश टाकता येईल असा टेबलदिवा एवढे पुरते. तिरपा प्रकाश विशेष महत्त्वाचा आहे. झिजलेल्या ग्रोशनवरची अक्षरे वरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट दिसतात आणि तीच अक्षरे दिवा खाली, जवळजवळ नाण्याच्या पातळीत आणला की सावलीमुळे वर येतात. नाणे हळूहळू फिरवत प्रत्येक अक्षरावर एकदा तरी अशी सावली पडू द्यावी.

नाणे नेहमी कडेने धरावे आणि त्याखाली मऊ कापड असावे. ते स्वच्छ करण्याचा मोह टाळावा. चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन यांनी आपल्याकडे चांदीची भांडी लखलखीत करतात, पण या नाण्यांत निम्मे किंवा त्याहून अधिक तांबे असते आणि घासले की वरचा चांदीचा पातळ थर निघून खालचा तांबूस रंग उघडा पडतो. असे नाणे पुन्हा पूर्वस्थितीला आणता येत नाही आणि त्याची किंमतही जवळजवळ संपते.

पहिले पाऊल: गोलातला आकडा

नवखे लोक नाणे हाती आले की राजाचे नाव शोधू लागतात. मी उलट सांगेन. आधी ज्या बाजूवर क्रूस लावलेला गोल आहे ती बाजू वर करावी. हा गोल म्हणजे सम्राटाच्या सत्तेचे चिन्ह असलेला राजगोल, आणि त्याच्या पोटात कोरलेला आकडा म्हणजे त्या नाण्याचे मूल्य. शाउंबुर्गच्या ग्रोशनवर येथे २४ असते. चोवीस नाणी मिळून एक राइख्सटालर, म्हणजे साम्राज्याचा प्रमाण टालर, असा त्याचा अर्थ.

हाच आकडा फसवतोही. पोलंडचा राजा झिग्मुंट तिसरा याच्या काळात १६१४ पासून पोउतोराक नावाचे छोटे नाणे मोठ्या प्रमाणावर पाडले गेले आणि त्यावरही राजगोलात २४ हाच आकडा आहे. पोउतोराक साधारणपणे दीड ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो, आकारानेही किंचित लहान असतो, आणि दुसऱ्या बाजूच्या मुकुटधारी ढालीत किंवा तिच्याजवळ ३ हा आकडा दिसतो. तो ३ दिसला की आपण जर्मनीत नसून पोलंडच्या किंवा त्याच्या अनुकरणाने चाललेल्या बाल्टिक टांकसाळींच्या प्रदेशात आहोत असे समजावे. दक्षिण जर्मनीच्या आणि सायलेशियाच्या नाण्यांवर २४ हा आकडा आला तर तो चोवीस क्रॉयत्सरांचाही (क्रॉयत्सर हे तिकडचे छोटे चिल्लर नाणे) असू शकतो, म्हणजे टालरचा भाग नव्हे तर क्रॉयत्सरांची बेरीज. राजगोलात ३ असेल तर बहुतेक वेळा तीन क्रॉयत्सर आणि २ असेल तर अर्धा बात्सेन, म्हणजे दोन क्रॉयत्सर. थोडक्यात, आकडा भागाकार सांगतो की बेरीज, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये; आणि ते ठरवण्यासाठी आकड्याभोवतीचा लेख वाचावा लागतो.

दुसरे पाऊल: सम्राटाचे नाव

राजगोलाभोवतीचा वर्तुळाकार लेख बहुधा सम्राटाच्या नावाचा असतो. काउंटने स्वतःच्या नाण्यावर सम्राटाचे नाव घालणे ही निष्ठेची औपचारिक कबुली होती, आणि आपल्याला ती कालनिश्चितीचे आयते साधन म्हणून मिळते. वाचन वरून, म्हणजे घड्याळातल्या बाराच्या ठिकाणापासून उजवीकडे करावे. लेखाची सुरुवात अनेकदा छोट्या क्रूसाने, फुलाने किंवा टांकसाळप्रमुखाच्या खुणेने दाखवलेली असते.

रोमन लिपीच्या काही सवयी आधीच माहीत असाव्यात. त्या काळी यू या अक्षराच्या जागी व्ही कोरत, आणि जेच्या जागी आय. शब्द पूर्ण लिहिण्याचा आग्रह नव्हता. जागा संपली की शब्दही संपे. त्यामुळे सम्राटाची लॅटिन उपाधी, म्हणजे देवाच्या कृपेने रोमन सम्राट आणि सदैव साम्राज्यवर्धक, ही कधी सहा-सात तुटक शब्दांत येते, तर कधी दोन-तीन अक्षरांच्या गटांत आटोपते. डी आणि जी ही दोन अक्षरे एकामागोमाग दिसली की देवाच्या कृपेने हा भाग सुरू झाला असे ओळखावे. नाव त्याच्या लगेच आधी असते.

एर्न्स्टच्या काळात तीन नावे येतात. रूडॉल्फ दुसरा हा २० जानेवारी १६१२ रोजी वारला. माथियासची निवड त्याच वर्षी १३ जूनला झाली आणि तो २० मार्च १६१९ रोजी वारला. फर्डिनांड दुसरा २८ ऑगस्ट १६१९ ला निवडला गेला. म्हणजे वर्षाचे आकडे पूर्ण झिजलेले असले तरी सम्राटाच्या नावाची पहिली तीन अक्षरे वाचता आली की नाणे एर्न्स्टच्या कारकिर्दीतल्या कोणत्या तुकड्यात बसते ते कळते. येथे एक सावधगिरी बाळगावी. ठसा कोरणे हे खर्चाचे काम होते आणि सम्राट गेला म्हणून चांगला ठसा कोणी त्याच दिवशी फेकून देत नसे. दोन सम्राटांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत तर नव्या नावाचा ठसा कोरताच येत नव्हता. म्हणून १६१२ आणि १६१९ या वर्षांच्या नाण्यांवर दिवंगत सम्राटाचे नाव आढळले तर ते विचित्र मानू नये आणि केवळ तेवढ्यावरून जादा किंमतही देऊ नये.

तिसरे पाऊल: ढाल आणि राज्यकर्ता

आता नाणे उलटावे. या बाजूला ढाल असते आणि तीत किंवा तिच्या एका कप्प्यात शाउंबुर्गचे चिन्ह, म्हणजे खाजकुइलीसारख्या काटेरी झाडाचे करवतीकाठी पान. जर्मनीत या झाडाला नेसेल म्हणतात. नवख्याला ते पान वाटतच नाही. तीन टोकदार सुळके बाहेर आलेली दातेरी चौकट आणि तिच्या मध्यभागी छोटी ढाल, असे काहीसे ते दिसते. झिजलेल्या नाण्यावर ते तारा किंवा फूल समजले जाते. आजच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या आणि पिनेबेर्गच्या चिन्हांत हेच पान आहे. त्यांची स्पष्ट चित्रे एकदा नीट पाहून ठेवली की नाण्यावरचे अर्धेमुर्धे पानही ओळखू येते.

चिन्हांवरून शेजारी वेगळे करता येतात. पाच पाकळ्यांचा गुलाब असेल तर लिप्पे, तारा असेल तर वाल्डेक, काळवीटासारखा शिंगाळ पशू असेल तर श्टोलबेर्ग, उभा सिंह असेल तर झोल्म्ससह बरेच जण. सगळ्यांत अवघड जागा मात्र घरातच आहे. हेच दातेरी पान होल्स्टाइनचे चिन्ह म्हणून डेन्मार्कच्या राजांच्या आणि गोटोर्पच्या ड्यूकांच्या ढालीतही येते. तेथे पान मोठ्या ढालीचा एक कप्पा असते आणि सोबत सिंह वगैरे इतर चिन्हांची गर्दी असते. निर्णय शेवटी उपाधीवर होतो: सी-ओ-एम ही अक्षरे काउंट दाखवतात, तर डी-व्ही-एक्स ही ड्यूक. शाउंबुर्गच्या नाण्यावर पुढे एच-ओ-एल किंवा नुसता एच होल्स्टाइनसाठी आणि एस-सी-एच-ए किंवा नुसता एस शाउंबुर्गसाठी येतो.

१६१९ मध्ये सम्राट फर्डिनांडने एर्न्स्टला प्रिन्सचा दर्जा दिला. होल्स्टाइनचा प्रिन्स अशी उपाधी त्याने लावताच डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन चौथा भडकला, कारण होल्स्टाइनवर आपलाच हक्क आहे असे त्याचे म्हणणे होते, आणि शेवटी एर्न्स्टला प्रिन्स आणि होल्स्टाइन-शाउंबुर्गचा काउंट अशा मवाळ शब्दरचनेवर समाधान मानावे लागले. अखेरच्या वर्षांतल्या नाण्यांवर काउंटच्या आधी प्रिन्ससाठीचा पी दिसतो का, हे म्हणूनच आवर्जून पाहावे.

एर्न्स्टच्या आधी आडॉल्फ तेरावा १५७६ ते १६०१ या काळात होता, नंतर योब्स्ट हेरमान १६३५ पर्यंत आणि शेवटचा ओटो पाचवा १६४० पर्यंत. ओटोबरोबर घराणे संपले. पिनेबेर्गचा भाग डेन्मार्कचा राजा आणि गोटोर्पचा ड्यूक यांनी वाटून घेतला, आणि वेझरकडच्या मुलखातून काही वर्षांच्या वादानंतर शाउंबुर्ग-लिप्पे हे वेगळे संस्थान निघाले व उरलेला मोठा भाग हेसेन-कासेलकडे गेला. १६४० नंतरची नाणी या लेखाच्या कक्षेबाहेरची आहेत.

चौथे पाऊल: वर्ष आणि खुणा

वर्ष चार आकडी शोधू नये, कारण ते क्वचित तसे असते. कधी राजगोलावरच्या क्रूसाच्या दोन बाजूंना एकेक किंवा दोन-दोन आकडे विभागलेले असतात, कधी लेखाच्या शेवटी शतकाचा आकडा गाळून फक्त तीन किंवा दोनच आकडे दिलेले असतात. लेखाच्या शेवटी १ आणि ४ एवढेच दिसले तर ते १६१४ असणार, हे सम्राटाच्या नावावरून पडताळून पाहावे: माथियास असेल तर जुळले.

टांकसाळप्रमुखाच्या खुणा म्हणजे आद्याक्षरे, फुले, तारे किंवा एकमेकांवर तिरपे ठेवलेले आकडे. येथे आकडा म्हणजे अंक नव्हे, तर वितळलेल्या धातूच्या कांबी ओढण्यासाठी टांकसाळीत वापरला जाणारा लोखंडी हूक. या खुणांवरून नाणे कोणत्या टांकसाळीत पडले ते ठरवता येते, पण सुरुवातीला या मागे लागू नये. एका वर्षाच्या ग्रोशनमध्ये लेखाची विरामचिन्हे, अक्षरांची संख्या आणि ढालीचा आकार यांचे कितीतरी प्रकार असतात, कारण ठसे लवकर झिजत आणि प्रत्येक नवा ठसा हाताने कोरला जाई. हे उपप्रकार गोळा करण्यात काही लोकांची हयात जाते. नवख्याने राज्यकर्ता, सम्राट आणि वर्ष या तीन गोष्टी निश्चित केल्या तरी पुष्कळ झाले.

पाचवे पाऊल: वजन, कस आणि बट्टा

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. साम्राज्यात १५६६ पासून मान्य झालेल्या राइख्सटालरचे प्रमाण असे होते: कोलोनचा मार्क हे २३३.८५६ ग्रॅमचे वजन धरायचे आणि त्या वजनाच्या शुद्ध चांदीतून नऊ टालर पाडायचे. म्हणजे एका टालरमध्ये २५.९८ ग्रॅम शुद्ध चांदी, आणि तांब्यासह एकूण वजन २९.२३ ग्रॅम. याचा चोवीसावा भाग काढला तर ग्रोशनमध्ये सुमारे १.०८ ग्रॅम चांदी असायला हवी. ग्रोशन निम्म्या कसाचा असे. जर्मन पद्धतीत शुद्ध चांदी सोळा लोटांची, म्हणून हा आठ लोटांचा. मग त्याचे पूर्ण वजन सुमारे २.१६ ग्रॅम भरले पाहिजे.

आपले नाणे तराजूवर ठेवावे. बहुतेक शाउंबुर्गी ग्रोशन दोन ग्रॅमच्या खालीच भरतात. समजा काटा १.६० वर थांबला. कस निम्मा धरला तर चांदी ०.८० ग्रॅम झाली, आणि अशा चोवीस नाण्यांत १९.२ ग्रॅम. खऱ्या टालरच्या तुलनेत जवळजवळ सव्वीस टक्के तूट आली. यातली काही तूट चारशे वर्षांच्या झिजेची आहे, पण लेख सुवाच्य असलेल्या नाण्यात झिजेने एवढी घट होत नाही. बाकीची तूट टांकसाळीतच ठरलेली होती. कस निम्म्याहून कमी असेल तर ती आणखी मोठी. मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटू नये. पेशवाईतले सराफ वेगवेगळ्या टांकसाळींच्या रुपयांवर बट्टा लावत तो याच तर्काने.

छोट्या नाण्यांत तूट का येई, याचे साधे कारण मजुरीत आहे. एक टालर पाडायला लागणारी मेहनत आणि एक ग्रोशन पाडायला लागणारी मेहनत यांत फारसा फरक नाही, पण टालरच्या मूल्याची चिल्लर करायची तर ती चोवीस वेळा करावी लागते. नियमाप्रमाणे पूर्ण चांदी घातली तर चिल्लर पाडणारा तोट्यात जाई. म्हणून चिल्लरीत चांदी थोडी कमी घालण्याला सर्वत्र मूक संमती होती, आणि खाणी नसलेल्या, बाजारभावाने चांदी विकत घेणाऱ्या छोट्या राज्यकर्त्यांनी या फटीचा पुरेपूर फायदा घेतला. १५७० मध्ये श्पायर येथे भरलेल्या साम्राज्यसभेने स्वतःच्या खाणी नसलेल्यांनी आपल्या मंडळाच्या, म्हणजे साम्राज्याच्या प्रादेशिक विभागाच्या, नेमलेल्या टांकसाळीतच नाणी पाडावीत असे ठरवले होते. मंडळांच्या बैठकांत नाण्यांची कसोटीही होई. पण ठराव आणि अंमल यांत अंतर राहिले, आणि टांकसाळ एखाद्या कंत्राटदाराला मक्त्याने देऊन ठरावीक रक्कम मिळवणे काउंटांना सोयीचे वाटत राहिले. मक्तेदाराचा नफा जास्तीत जास्त नाणी पाडण्यात होता. शाउंबुर्गचे ग्रोशन आज स्वस्तात मिळतात त्याचे मूळ येथे आहे.

या घसरणीचा कळस १६१९ ते १६२३ या वर्षांत झाला. इतिहासात हा काळ किपर आणि विपरचा काळ म्हणून ओळखला जातो. तीस वर्षांचे युद्ध पेटले होते, सैन्याला पगार द्यायचा होता, आणि जुनी जड नाणी तराजूवर निवडून, वितळवून, त्यात तांबे मिसळून नवी पाडण्याचा धंदा उघडपणे चालला. १६२३ च्या सुमारास टालरचा भाव ९० क्रॉयत्सरांवर पुन्हा बसवला गेला तेव्हा ज्यांच्या हाती हलकी चिल्लर उरली होती त्यांचे नुकसान झाले, आणि ते बहुतांशी गरीब होते. एर्न्स्टचा मृत्यू १७ जानेवारी १६२२ चा, म्हणजे त्याची शेवटची नाणी या गदारोळातली आहेत. १६१९ पासूनचा ग्रोशन घेताना तो आधीच्या नाण्याशेजारी ठेवून पाहावा. रंगातला फरक अनेकदा नुसत्या डोळ्यांनी कळतो.

घरी कस तपासण्याचा मोह होतो, पण येथे दोन नेहमीच्या युक्त्या चालत नाहीत. पहिली म्हणजे पाण्यात बुडवून घनता काढणे. निम्म्या कसाच्या मिश्रधातूची घनता सुमारे ९.६७ येते, शुद्ध चांदीची १०.४९ आणि तांब्याची ८.९६. दीड-पावणेदोन ग्रॅमचे नाणे पाण्यात बुडवल्यावर वजनात पडणारा फरक ग्रॅमच्या सहाव्या भागाएवढा असतो. त्यात तराजूची शंभराव्या भागाची चूक धरली की उत्तर सहा टक्क्यांनी इकडेतिकडे जाते, आणि चांदी-तांब्यातला पूर्ण फरकच सोळा-सतरा टक्क्यांचा आहे. दुसरी युक्ती म्हणजे सराफाकडच्या क्ष-किरण यंत्रावर तपासणी. ते यंत्र पृष्ठभाग वाचते. टांकसाळीत ठसा मारण्यापूर्वी नाण्याची चकती आम्लधर्मी द्रावणात उकळत. त्यात वरचे तांबे विरघळून जाई आणि पृष्ठभागावर जवळजवळ शुद्ध चांदीचा थर उरे. म्हणून यंत्र खऱ्यापेक्षा जास्त कस दाखवते. उंचवट्यांवर तांबूस झाक दिसणे हे या थराच्या झिजेचे लक्षण आहे, बनावटीचे नव्हे.

आकार वाकडा का असतो

पहिल्यांदा पाहणाऱ्याला खटकते ते नाण्याचे वेडेवाकडे रूप. नाणे किंचित पन्हाळीसारखे वाकलेले असते, कधी लंबगोल असते, कधी लेखाचा एक भाग कडेबाहेर गेलेला असतो. त्या काळी हातोड्याऐवजी दंडगोलावर कोरलेले ठसे वापरण्याची पद्धत जर्मन टांकसाळींत पसरत होती. एका प्रकारात धातूची पट्टी दोन फिरत्या दंडगोलांमधून जाई आणि मग तिच्यातून नाणी कापून काढत; कापताना नेम चुकला की लेख कापला जाई. दुसऱ्या प्रकारात वक्र ठसे मागेपुढे झुलवत एकेक चकती दाबत, आणि तिला बाक येई. हा बाक सपाट करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ठिसूळ मिश्रधातूला तडा जातो. कडेचे छोटे तडे मात्र मूळचेच असतात आणि त्यांनी किंमत फारशी उतरत नाही. भोक पाडून बुजवलेले नाणे, दागिन्याच्या कडीची खूण असलेले नाणे आणि घासून चकचकीत केलेले नाणे ही तिन्ही टाळावीत.

पडताळणी आणि खरेदी

स्वतः वाचन पूर्ण करून कागदावर लिहून ठेवल्यानंतरच सूची उघडावी. आधी चित्र पाहिले की डोळा तेच पाहू लागतो. जर्मन संग्रहालयांतली नाणी एकत्र दाखवणारे केनोम हे संकेतस्थळ आणि बर्लिनच्या नाणेसंग्रहालयाची ऑनलाइन सूची ही दोन ठिकाणे मोफत आहेत आणि छायाचित्रांसोबत वजनही देतात. लिलावांच्या वर्णनात शाउंबुर्गच्या नाण्यापुढे वाइनमाइस्टर हे नाव आणि क्रमांक दिसेल. या काउंटीच्या नाण्यांची विसाव्या शतकाच्या आरंभी मांडणी करणाऱ्या अभ्यासकाचे ते नाव आहे आणि आजही त्याच क्रमांकांनी व्यवहार होतो.

पहिली खरेदी करताना मी तीन नाणी सुचवेन: रूडॉल्फच्या नावाचे, माथियासच्या नावाचे आणि फर्डिनांडच्या नावाचे प्रत्येकी एक. तिन्ही एकाच काउंटची, एकाच मूल्याची, आणि तरी वजन, रंग व अक्षरांचा नेटकेपणा यांत घसरत गेलेली दिसतील. दुर्मीळ वर्ष म्हणून कोणी जादा दाम मागितले तर ते देऊ नये. कोणते वर्ष दुर्मीळ हे स्वतःला कळू लागेपर्यंत सुवाच्य नाण्याला पसंती द्यावी. व्यापाऱ्याकडून पावती आणि नाणे पूर्वी कोणाच्या संग्रहात किंवा लिलावात होते याची माहिती मागून घ्यावी. शेतात धातुशोधक यंत्राने सापडलेली, मातीसकट विकली जाणारी नाणी स्वस्त असली तरी जर्मनीत अशा शोधांवर कडक नियम आहेत, त्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये.

भारतात राहणाऱ्यांनी मागवण्यापूर्वी सीमाशुल्काचा चालू दर पाहावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नंतर परदेशात विकू, असा हिशेब मनात असेल तर तो येथेच सोडून द्यावा. परदेशात स्थायिक असलेल्या आणि सुट्टीत संग्रह सोबत घेऊन येणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे आणि तो तिकडेच ठेवून यावे.

साठवणीसाठी मऊ, तेलकट वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांऐवजी आम्लविरहित कागदाची पाकिटे किंवा कडक पारदर्शक डब्या वापराव्यात. मऊ प्लास्टिकमधून सुटणारे द्रव्य तांब्याला हिरवे करते, आणि या नाण्यांत तांबे भरपूर आहे. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर काही आठवड्यांनी वाळवाव्यात. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलने राज्यकर्ता, सम्राट, वर्ष, वजन, व्यास, सूचीचा क्रमांक आणि खरेदीचा तपशील लिहावा. जे आकडे वाचता आले नाहीत त्यांच्या जागी अंदाज न लिहिता बिंदू ठेवावेत, म्हणजे पुढे त्याच ठशाचे अधिक चांगले नाणे समोर आले की ते भरता येतात.